पंचांसमक्ष समुद्र

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर सांगण्यात माझंच काहीतरी कमी पडलं असं मी समजेन. एका अख्ख्या इमारतीने केवळ प्रेमापोटी, बोटही न लावता, एक समुद्र जवळजवळ मारला होता, आणि पुढे त्याच इमारतीने तो बोटही न लावता वाचवला. समुद्र तसा बेताचाच. दिवाणखान्यात चपलांच्या कपाटाशेजारी मावणारा. पण पाणी खारं होतं, लाटा काढणारा पंप होता आणि आत दोन रहिवासी होते. यापेक्षा जास्त समुद्राकडे काय असतं? ज्यांच्या घरी हे घडलं ते काटेकाका त्या खुर्चीत बसलेत. माझ्या प्रत्येक वाक्याला नाक मुरडायची त्यांना सवय आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

काटेकाका हे आम्ही ठेवलेलं नाव. त्यांची सगळी हयात वजनमापे खात्यात गेली. दुकानोदुकानी हिंडून तराजू तपासायचे, पितळी वजनं पडताळायची, बरोबर निघाली तर शिशाचं सील ठोकायचं, खोटी निघाली तर उचलून न्यायची. त्या काळी ते रस्त्याने नुसते चालत गेले तरी दोन्ही बाजूंच्या दुकानांतले काटे आपोआप मधोमध यायचे. एका किराणेवाल्याचा काटा तर असा सरळ झाला, की काका निघून गेल्यावर त्याने हाताने वाकवून पाहिला तरी वाकेना. बिचाऱ्याला पुढे प्रामाणिकपणेच धंदा करावा लागला.

नोकरीत काकांनी दोन नियम प्राणपणाने पाळले. पहिला, पंचांशिवाय माप ग्राह्य नाही. दोन माणसांनी काटा बघून "होय, असाच आहे" म्हटलं आणि सही केली, तर ते माप. नाहीतर तो एका माणसाचा समज. दुसरा, तोलताना दारं-खिडक्या बंद, पंखा बंद. झुळकेनेसुद्धा पारडं हलतं आणि निष्पाप माणूस दंडाला पात्र होतो. याशिवाय एक नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. कुणाचं काही घ्यायचं नाही. दुकानदाराने पुढे केलेला पाण्याचा पेलासुद्धा नाही. उन्हातून हिंडून जीभ टाळूला चिकटली तरी हे घरी येऊन पाणी प्यायचे. सचोटीबद्दल शंकाच नाही, पण असं आयुष्य काढलेल्या माणसाला देता येतं, घेता येत नाही. शेजारणीने प्रेमाने वाटी आणून दिली तर हे वाटीकडे असे बघायचे, की ती बिचारी झाकण उघडून दाखवायची, आत काही आक्षेपार्ह नाही म्हणून.

आता समुद्राचं. तो त्यांच्या लेकीचा, काचेच्या टाकीतला. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, आणि एक मऊ प्रवाळ, खुशीत असलं की पंजासारखं उघडणारं आणि रुसलं की मूठ मिटून बसणारं. त्यातला धाकटा मासा आणला तेव्हा आजारी होता, सुईच्या टोकाएवढा घास देऊन पोरीने त्याला जगवलेला. तिला ऑफिसने प्रशिक्षणासाठी परगावी पाठवलं, तेव्हा प्रश्न आला की समुद्र कोण बघणार. तिने आधी आईला विचारलं. काकी म्हणाल्या, "मला एक प्राणी सांभाळायला आहे आधीच. तो बोलतोसुद्धा."

राहता राहिले काका. घरकामात काकांचा लौकिक फारसा बरा नव्हता. एकदा गॅसवरच्या दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं, तर ते दूध किती तापलं हे मोजण्यात इतके गुंग झाले, की ते उतू जाताना त्यांनी फक्त वेळ टिपून ठेवली. त्यामुळे लेकीने त्यांना सगळं दोनदोनदा समजावलं. पाणी उडून पातळी खाली गेली की साधं, शुद्ध पाणी घालायचं, खारं नाही, कारण पाणी उडतं पण मीठ मागे राहतं. अधूनमधून सामू बघायचा. सामू म्हणजे तुम्ही-आम्ही शाळेत शिकलो आणि पेपर देऊन बाहेर पडताना विसरलो, तोच. पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्काकडे, ते सांगणारा आकडा. काचनळीत पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग सोबतच्या कार्डाशी ताडून बघायचा. जांभळा आला तर उत्तम. तपकिरीकडे झुकला तर काळजी.

"जमेल ना बाबा?" तिने दारात बॅग उचलताना विचारलं.

"मी आयुष्यभर काय केलं?" काका म्हणाले.

"तेच तर," ती म्हणाली आणि हसली. पण जिना उतरताना तिने वळून बघितलं ते माशांकडे. त्या बघण्यात विश्वास नव्हता, नाइलाज होता. काकांना ते फार लागलं. अख्ख्या बाजाराने ज्यांच्या हातावर विसंबून खरेदी केली, त्यांच्या हातात दोन मासे द्यायला पोटच्या पोरीची छाती होत नव्हती. ती परत येईल तेव्हा दोघेही जिवंत, प्रवाळ उघडलेलं आणि नळीतलं पाणी जांभळं, असं सगळं तिच्या हवाली करायचं, हे त्यांनी त्याच पायरीवर ठरवून टाकलं.

दुसऱ्याच सकाळी काकी खिडक्या उघडून केर काढत असताना काकांनी एकट्याने परीक्षा घेतली. रंग आला जांभळा. कुणीही समजूतदार माणूस नळी धुऊन चहा प्यायला बसला असता. काका अस्वस्थ झाले.

"अगं, हे ग्राह्य नाही," ते म्हणाले.

"का? जांभळा तर आलाय."

"कुणी बघितला?"

"मी बघितला की."

"तू घरची. घरचा माणूस पंच होत नाही."

असे आमचे पंच नेमले गेले. समोरच्या दारातले मास्तर, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आणि विद्यार्थ्यांच्या शोधात असलेले. वरच्या मजल्यावरच्या वहिनी, ज्यांना इमारतीत कुणाच्या घरी काय चाललंय हे त्या घराच्या आधी कळतं. आणि तळमजल्यावरचा शिंपी, जो नुसता गलका ऐकून वर आला होता, पण आला तर बसला. काकांनी दार लावलं, खिडक्या लावल्या, पडदे ओढले, पंखा बंद केला आणि एकेक थेंब मोठ्याने मोजत नळीत सोडला. प्रत्येक थेंबाला पंचांनी "पाहिला" म्हणायचं होतं. वहिनींनी एका थेंबाच्या वेळी शिंक दिली, म्हणून सगळं पहिल्यापासून.

"जांभळा," मास्तर शेवटी म्हणाले.

"मास्तर, तुम्ही आयुष्यभर खडू बघितलात. हा वांगी आहे," वहिनी म्हणाल्या.

"वांगी नाही हो वहिनी, वांगीत निळा उतरतो. थांबा, रीळ आणतो," असं म्हणून शिंपी खाली गेला आणि दोऱ्याच्या रिळांचा अख्खा डबा घेऊन आला. येताना त्याच्याबरोबर त्याची दोन गिऱ्हाइकं आली. त्यांचे कपडे अर्धे शिवून झालेले, तेव्हा त्यांना त्याच्यावर नजर ठेवणं भाग होतं. मग रिळं लावून बघणं सुरू झालं. एक म्हणे हे जुळतं, दुसरा म्हणे ते. स्वयंपाकघरातून काकी हात पुसत आल्या, एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "काळ्या द्राक्षाचा आहे तो. त्यात काय एवढं?" तेच रीळ बरोबर जुळलं. पण घरचा माणूस पंच होत नसल्यामुळे तो शोध वहिनींच्या नावावर लिहिला गेला.

तोवर बराच वेळ गेलेला. खोलीत घाम सुटलेला. काकांच्या खात्यात एकदा मोजून भागत नसे, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा परीक्षा घेतली. रंग उतरला होता. द्राक्ष जाऊन त्या जागी मनुका आलेली.

काकांचा चेहराही तसाच झाला.

इथून पुढे जे झालं त्याला मी इमारतीचं प्रेम म्हणतो. माणसं आली. काकांचा समुद्र आजारी आहे म्हटल्यावर कोण घरी बसणार? रोज संध्याकाळी परीक्षा, रोज नवे पंच, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, आणि रोज रंग आदल्या दिवसापेक्षा मळकट. आणि गंमत अशी, की सकाळी काकी केर काढत असताना काका चोरून एकट्याने नळी बघायचे तेव्हा तोच रंग मस्त जांभळा. पण ते माप ग्राह्य नव्हतं. काका ते ओतून टाकायचे, आणि उलट आपले डोळे बिघडले म्हणून चष्म्याचा नंबर तपासून आले. चष्मेवाल्याने नंबर बरोबर आहे म्हटल्यावर त्यालाही त्यांनी विचारलं, "पंच कोण होते?"

मास्तरांनी औषध सुचवलं. खायचा सोडा, चिमूटभर, पाण्यात विरघळवून, हळूहळू. शास्त्राला धरून होतं ते. सामू चढतो सोड्याने. काकांनी चिमूट सोनाराच्या काट्यावर तोलून घातली. पण आपल्याकडे शास्त्रीय सल्ला एकाच कानात थांबत नाही. वहिनींनी ऐकलं होतं "सोडा घालायचाय", घातला गेलाय हे ऐकलं नव्हतं. काका बाथरूममध्ये असताना त्यांनी प्रेमाने चमचाभर घातला. शिंप्याला वाटलं, वहिनी विसरल्या असतील. त्यानेही घातला. काकींना कुणी काही सांगितलंच नव्हतं, पण सोड्याचा डबा उघडा दिसला म्हणून त्यांनीही चिमूट टाकली, डबा बंद करण्याआधी.

समुद्र दुधासारखा पांढरा झाला. इतका पांढरा, की मासे एकमेकांना धडकून थांबत आणि "सॉरी" म्हणून बाजूला होत. ते बघा, काका मान हलवतायत. म्हणजे "सॉरी" म्हणत नव्हते असं त्यांचं म्हणणं असेल. मी एवढंच सांगतो, की त्या पांढऱ्या धुक्यातून अधूनमधून नारिंगी ठिपका दिसला की सगळी खोली सुस्कारा सोडायची, आणि काका हाताची बोटं एकमेकांत अडकवून उभे राहायचे. पंप आणि गाळणीने मेहनत करून संध्याकाळपर्यंत पाणी निवळलं. दोघेही होते. प्रवाळाने मात्र मूठ मिटली ती मिटलीच.

"भावजी, चुकलं हो माझं," वहिनी म्हणाल्या.

काकांना रागवायचं होतं. तोंड उघडलंही. पण त्या बाई आपल्या घरची कामं टाकून रोज येऊन बसत होत्या, हेही दिसत होतं. अशा वेळी काय बोलायचं हे वजनमापे खात्याने शिकवलेलं नव्हतं. "नोंद घेतली," एवढंच ते म्हणाले. वहिनी त्यातलं समजायचं ते समजल्या.

आता काकांना तिऱ्हाईत माप हवं होतं, सरकारी. म्हणून एका बाटलीत समुद्र भरून ते पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत गेले. खिडकीमागे कारकून होता.

"नमुना कसला?"

"समुद्राचा."

"इथे कुठे आलाय समुद्र?"

"माझ्या घरी."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "अर्जात विहीर आहे, नळ आहे, टाकी आहे. समुद्र नाही."

"मग टाकी लिहा. काचेची आहे."

"काचेला रकाना नाही. टाकी म्हणजे टाकी. वापरणारे किती?"

"दोघं."

"एवढ्या इमारतीच्या टाकीवर दोघंच?"

"लहान आहेत ते," काका म्हणाले. त्यांना वाटलं, माशांबद्दलच विचारतायत.

"पिण्यासाठी वापर होतो?"

काका थबकले. खोटं बोलायची सवय नाही. त्यांनी दोघांचे चेहरे आठवले. "दिवसभर तोंड उघडतात-मिटतात. पीत असणार."

कारकुनाने "होय" लिहिलं, पत्ता लिहिला, शिक्का मारला. शिक्का उमटलेला पाहून काकांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

त्या बऱ्या वाटण्याचं फळ लेक परत यायच्या दिवशी मिळालं. सकाळी तिचा फोन आला, दुपारी पोचते म्हणून. "मासे कसे आहेत बाबा?" तिने विचारलं. "पंचांनी पाहिलेत," काका म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि घरातला नळ फुर्र करून बंद पडला. नुसता त्यांच्याकडचा नव्हे, सगळ्या इमारतीचा. खाली पाणीखात्याचा निरीक्षक हातात भला मोठा पाना घेऊन उभा होता. आमच्या टाकीचं पाणी अतिक्षारयुक्त, मानवी सेवनास सर्वथा अयोग्य, सबब टाकी तात्काळ बंद, असा हुकूम त्याच्या खिशात होता. बिचाऱ्याचं चुकलं काय? समुद्र पिण्याजोगा नाही, हे खरंच आहे.

माणसं रिकाम्या बादल्या घेऊन काकांच्या दारात जमली. पाणी का गेलं? काका उंबऱ्यात उभे राहिले. नोकरीत त्यांनी शेकडो लोकांना "तुमचं माप खोटं आहे" असं तोंडावर सांगितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा उलटं सांगायची वेळ आली.

"माझ्यामुळे," ते म्हणाले. "बाटली मी नेली होती."

शिंप्याने डोकं खाजवलं. "काका, माझ्याकडे सकाळची भरलेली बादली आहे. माझं काय, चालून जाईल. माशांची पातळी खाली गेलीय का?"

गेली होती. बंद खोलीत रोज पाणी उडत होतं, आणि त्या दिवशी घालायला घरात साधं पाणी नव्हतं. मास्तरांनी पिण्याची कळशी आणली. वहिनींनी गाळून ठेवलेली बाटली आणली. ज्यांचे नळ काकांनी बंद पाडले होते ती माणसं आपल्या घरातलं उरलंसुरलं पाणी काकांच्या दारात आणून ठेवत होती, काकांच्या माशांसाठी. काका एकेक भांडं हातात घेत होते, आणि भांडं ठेवून हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. दुकानदाराच्या पेल्याकडे कधी न बघितलेला माणूस तो. त्या दिवशी त्यांनी शेजाऱ्यांची अख्खी तहान घेतली.

भांडी आली तशी माणसंही आत आली. खोली अशी भरली, की कुणाला खांदा खाजवायचा असेल तर शेजारच्याचा आधी खाजवावा लागे. आणि मग वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, ते बघा."

दोघेही मासे वर आले होते. पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी तोंड लावून भराभर श्वास घेत होते. धाकटा एका कुशीवर कलला होता.

काकांनी नळी घेतली. थेंब मोजून टाकले. पंचांची आता वानवा नव्हती. रंग आला चिखलासारखा. कुणी रीळ काढलंच नाही. काका टाकीसमोर खाली बसले, काचेला कपाळ लावून. ते फक्त म्हणाले, "दुपारी येतेय ती."

त्याच वेळी गर्दीतून पाना पुढे करत निरीक्षक आत आला. "टाकी कुठाय?" काकींनी बोट दाखवलं. त्याने मासे बघितले, प्रवाळ बघितलं, हुकूम बघितला, आणि एखाद्या माणसाला अचानक निवृत्तीवेतनाची आठवण व्हावी तसा चेहरा केला. पण माणूस नियमाचा होता. "हुकूम मागे घ्यायचा तर मला जागेवर फेरपरीक्षा घ्यावी लागेल. खिडक्या उघडा."

"खिडक्या उघडता येणार नाहीत," काका कपाळ न उचलता म्हणाले. "माप बंद खोलीत घेतात."

"तुमच्या खात्यात. आमच्या खात्यात हवा खेळती लागते. क्लोरीनचा वास साठतो."

"झुळकेने माप हलतं."

"पाणी तराजूत नाही ठेवलेलं. आणि असंबंधित व्यक्तींनी बाहेर व्हावं."

"ते पंच आहेत."

"एवढे?"

"मी कुणाला नाही म्हणू?" काका म्हणाले. निरीक्षकाने पाना काखेत मारला. त्याने पडदे बाजूला सारले, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, पंखा लावला आणि पंचांना जिन्यावर काढलं. काकींनी जिन्यावरच चहा दिला, माशांना घालून उरलं होतं तेवढ्या पाण्याचा. अर्धा-अर्धा कप. बराच वेळ वारा खोलीतून वाहत राहिला. धाकटा सरळ झाला. निरीक्षकाने थेंब टाकले.

काळं द्राक्ष.

"आला," काकी म्हणाल्या, आणि ते ऐकून सगळा जिना आत घुसला. कुणी काकांची पाठ थोपटली, कुणी निरीक्षकाची. खिडकीपाशीही माणसं उभी, दारातही. वारा अडला. नियमाप्रमाणे निरीक्षकाने थोड्या वेळाने दुबार परीक्षा घेतली, आणि रंग पुन्हा मळायला लागला होता. मासे पुन्हा वर निघाले.

मास्तर एकदा नळीकडे बघत होते, एकदा गर्दीकडे. मग त्यांनी काकांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं.

"चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती पांढरी होते, आठवतं? शाळेतला प्रयोग."

"त्याचं काय?"

"आपण श्वास सोडतो त्यातला वायू पाण्यात विरला की पाणी आम्लाकडे जातं. सोडावॉटर होतं तसं. बंद खोली, त्यात एवढी माणसं, रोज संध्याकाळी." मास्तरांनी आवाज आणखी खाली आणला. "काटेराव, पाण्यात काहीच दोष नाही. दोष आपण आहोत. सकाळी तुम्ही एकटे बघता तेव्हा रंग चांगला येत असणार."

"येतो," काका म्हणाले. "पण ते ग्राह्य..." आणि तिथेच थांबले.

आता मला सांगा, हे सांगायचं कसं? ज्यांनी रोजची कामं सोडली, ज्यांनी पिण्याची कळशी उचलून दिली, त्यांना म्हणायचं, की तुमचा श्वास माझ्या माशांना बाधतो? दार लावून घेतलं तर पोरीचे मासे वाचतात, पण या माणसांना पुन्हा तोंड कसं दाखवायचं? काका दिवाणखान्यात आले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही सगळ्यांनी," ते म्हणाले आणि घसा खाकरला. "तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी जे केलंत, ते मला मोजता येत नाही. आणि मला मोजण्याशिवाय दुसरं काही येत नाही. रोज आलात. बोलावलं तेव्हा आलात, नाही बोलावलं तेव्हाही आलात. पाणी दिलंत. मी कधी कुणाचं घेतलं नाही हो. घ्यायचं कसं ते मला माहीत नाही. आणि आता मला जे सांगायचंय ते..."

शिंप्याला वाटलं, काका घर सोडून चाललेत. तो डोळे पुसायला लागला.

वहिनींनी त्यांची सुटका केली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आणि त्यांच्या कानांबद्दल मी आधी बोललोच आहे. "म्हणजे आम्ही बाहेर बसायचं, एवढंच ना भावजी?" त्या म्हणाल्या. "मग सरळ सांगायचं की. श्वास काय, जिन्यावरही घेता येतो. चला हो सगळे. मास्तर, तुम्हीसुद्धा, तुम्ही सगळ्यात जोरात घेता."

आणि माणसं हसत हसत बाहेर गेली. एकानेही तोंड वाकडं केलं नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने बसली, आणि काकांच्या खिडकीबाहेरच्या सामाईक गॅलरीत उरलेली उभी राहिली, वाऱ्याला वाट ठेवून, गजांना धरून. निरीक्षकाने हुकुमावर शेरा मारला, "पाणी माशांच्या सेवनास योग्य", खाली जाऊन पान्याने नळ सोडला, आणि नोकरीवर परत जायचं सोडून पुन्हा वर येऊन पायरीवर बसला. त्यालाही आता मुलगी काय म्हणते ते बघायचं होतं. त्याने वर येताना पायरीवर जागा मागितली तेव्हा शिंपी सरकला.

रंग चढत गेला. मनुका, मग वांगी, मग द्राक्ष. काका एकटेच आत, आणि त्यांना आता स्वतःच्या श्वासाचीही भीती वाटायला लागलेली. टॅक्सीचं दार वाजलं तेव्हा त्यांनी जो श्वास रोखला, तो लेक तीन मजले चढून येईपर्यंत सोडला नाही. आणि चढायला तिला वेळ लागला. प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी तिचा हात धरून थोडंथोडं सांगत होतं. सरकारी शिक्का, सोडा, रिळं. दारात पोचेपर्यंत तिला सगळं कळलं होतं, फक्त उलट्या क्रमाने.

काका नळी उंच धरून उभे होते. चेहरा नळीच्याच रंगाचा.

"बाबा," ती म्हणाली, "आधी श्वास घ्या."

त्यांनी घेतला. ती टाकीपाशी वाकली. धाकटा तिला ओळखून काचेशी आला. प्रवाळाच्या मुठीचं एक बोट उघडलं होतं, मग आमच्यादेखत दुसरं. तिने नळीकडे बघितलंच नाही. बराच वेळ काचेला हात लावून बसली, आणि मग खाद्याची डबी उघडून तिने ती वडिलांच्या हातात दिली.

"तुम्ही द्या," ती म्हणाली. "तुमच्या हाताची सवय झालीय त्यांना."

काकांनी चिमूट घेतली. तोलली नाही. बोटं पाण्यात बुडवली आणि दोघेही वर आले, बोटांना अंग घासत. आम्ही सगळे गजांतून बघत होतो, श्वास जपून घेत. आणि आता सांगतो ते गॅलरीतल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलंय. धाकट्याने घास घेतला, तो वळला, एकदा काकांकडे बघितलं, मग खिडकीकडे, आमच्याकडे, एकेकाकडे, कुणालाही न वगळता. आणि मग त्याने, मनापासून आभार मानताना माणूस मिटतो ना, तसे सावकाश दोन्ही डोळे मिटले.

"माशाला पापण्या नसतात," खुर्चीतून काटेकाका म्हणाले. "डोळे मी मिटले होते."